वाट्या ऐकत होत्या

त्या वर्षी आमच्या बेटावरचा मासळीबाजार मुका झाला.

सांत लूझचा बाजार पूर्वी बोट धक्क्याला लागायच्या आधीच बोटीवरच्या माणसांना ऐकू यायचा. मी लहान असताना आई म्हणायची, धुकं असलं तरी आमचे तांडेल वाट चुकत नाहीत, बाजारातल्या बायकांच्या आवाजावर होडी घालतात. आता त्याच बायकांच्या नाती बोटांनी भाव सांगत होत्या. गिऱ्हाईक मान हलवी. सुरमई तराजूत पडल्याचा आवाज तेवढा येई. खांबाखांबावर पालथ्या वाट्यांसारखी पांढरी यंत्रं बसवली होती आणि ती ऐकत होती.

आमचं बेट लहान. आमचे पणजे मालवण-देवगडकडून इथे उसाच्या कामाला आले. ज्या युरोपातल्या सरकारने त्यांना जहाजात भरून आणलं, तेच सरकार अजून आमच्यावर राज्य करत होतं. जगभर त्याचे झेंडे उतरले, आमचा उतरवायचा राहून गेला. आणि बोटीने पाऊण तासावर मारोवा. मोठा देश. मोठी इस्पितळं, मोठे बाजार, आमच्या अर्ध्या लेकी दिलेल्या. मारोवा म्हणायचा, हे बेट आमचं. सरकार म्हणायचं, बेटाला विचारा.

मी शाळेत असताना गव्हर्नरसाहेबांच्या वाढदिवसाला आम्हाला मनुके घातलेला गोड पाव मिळायचा. मारोवाच्या स्वातंत्र्यदिनी संध्याकाळी आम्ही वाळूत बसून पलीकडचं दारूकाम बघायचो. बाबा म्हणायचे, "पाव हयलो, दारूकाम थंयला. आमचा कायच नाय." पण आम्हा पोरांना दोन्ही आपलंच वाटायचं. पावाचा शेवटचा तुकडा मी दारूकामासाठी राखून ठेवत असे.

पुढे बेटाला विचारलं गेलं. मतपेट्या आल्या आणि बेट मधोमध फाटलं. निकाल कोणालाच मान्य झाला नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याचं गवताचं कोठार पेटवलं, देवळात एकमेकांचा प्रसाद घेणं बंद झालं. ते सगळं शमायला वर्षं लागली. म्हणून या खेपेला दोन्ही सरकारांनी ठरवलं की मतपेटी नको. कोणी कोणाच्या बाजूने हात वर करायला नको. लोकांचं मन यंत्राने मोजायचं.

करार असा होता. तीन महिने वाट्या ऐकतील. बेटाच्या भवितव्याबद्दल चारचौघांत जे काही बोललं जाईल, त्यावरून प्रत्येक माणसाचा कल ठरेल. दोनतृतीयांश लोक एका बाजूचे निघाले तर बेट तिकडे. तसं झालं नाही तर बेटाची वाटणी, मधल्या ओहोळावरून. तिसरं कलम शेवटी बारीक अक्षरात होतं. निम्म्याहून जास्त लोकांचं मन दुभंगलेलं आढळलं, तर दहा वर्षं आहे तसंच चालू द्यायचं आणि मग पुन्हा विचारायचं. त्या कलमाकडे कोणी पाहिलंही नाही.

मी पाहिलं, कारण तो ओहोळ माझ्या परसातून जातो. अलीकडे माझं घर, पलीकडे माझ्या धाकट्या भावाचं, भिवाचं. मध्ये साकव आहे, माडाची दोन खोडं आणि वर ठोकलेल्या फळ्या. माझी आई त्या साकवावरून शेजारी कालवण पोचवायची, मीही पोचवते. वाटणी झाली तर तिथे तारेचं कुंपण येणार होतं.

या मोजणीसाठी दोन्ही सरकारांनी नेमलेल्या आयोगाने पाठवलेली इंजिनीअर माझ्याकडेच राहायला होती. नीरजा दांडेकर, पुण्याची. यंत्राला आमची बोली शिकवायला मराठी माणूस लागत होता. मी देवळाच्या पडवीतल्या मराठी शाळेत जन्मभर शिकवलं, म्हणून तिला माझं घर सुचवलं गेलं.

"आजी, हे खोटं पकडायचं यंत्र नाही," पहिल्याच दिवशी तिने चहा पिता पिता सांगितलं. "माणसाच्या मनात एकच उत्तर असलं की श्वास, गळा आणि छातीचे ठोके एका लयीत चालतात. दोन उत्तरं असली की मेंदू दोन्ही शब्दांची तयारी करतो. एक शब्द बाहेर येतो, दुसरा गळ्याच्या स्नायूंतच अडतो. तो अडताना बारीक थरकाप होतो. तुमच्या-माझ्या कानाला तो कळत नाही. वाटीला कळतो. ती आवाज ऐकते आणि रडारने दुरूनच गळ्याची नि छातीची हालचालही टिपते. हजार माणसं एकदम बोलली तरी प्रत्येकाचा गळा वेगळा काढता येतो."

"म्हणजे मन वाचतत."

"मन नाही. मनात भांडण आहे की नाही, एवढंच."

मला ते तेव्हा फार वाईट वाटलं नाही. भांडण आहे हे कोणीतरी मोजावं, असं उलट वाटलं.

पण माणसं यंत्रापेक्षा हुशार. दोन्ही पक्षांनी गळ्याचे वर्ग काढले. सकाळी मैदानात ओळीने उभं राहून आपापलं वाक्य शेकडो वेळा म्हणायचं, थरकाप निघून जाईपर्यंत. एकीकडे 'सांत लूझ सरकाराचं', दुसरीकडे 'सांत लूझ मारोवाचं'. माझे जुने विद्यार्थी, ज्यांना बाराखडी घोकताना झोप यायची, ते घामाघूम होऊन घोकत होते. डगमगणारा सापडलास तर दोन्हीकडून मार खाशील, असं त्यांना सांगितलं होतं. वर्गाबाहेर कोणी बोलायचंच नाही. न जाणो, भलत्या सुरात काही निघून गेलं तर.

मग बोटीवरून चोरून खिशात मावणारी यंत्रं आली. हिरवा दिवा म्हणजे मन एक, तांबडा म्हणजे दोन. सावळाराम शिंप्याने बायकोला विचारलं, तू माझ्या घरात सुखी आसस? ती हो म्हणाली आणि दिवा तांबडा झाला. ती हसून म्हणाली, "हां मगे. इतक्या वर्षांनी कोण बाई एका मनान व्हय म्हणता?" सावळारामला हसू आलं नाही. तो दुकानात झोपायला लागला.

माझ्या मुलाने, लवूने, तसलंच एक यंत्र आणलं. तो सरकारी बंदरात मुकादम. त्याची मुलगी सरकारच्या शिष्यवृत्तीवर युरोपात शिकत होती. जेवताना त्याने ते ताटाशेजारी ठेवलं.

"आये, साधा विचारतंय. बेट सरकाराकडेच ऱ्हवाक व्हया मां?"

"आधी जेव."

"व्हय म्हण नायतर नाय म्हण."

"व्हय," मी म्हटलं. दिवा तांबडा.

"मगे मारोवाकडे जावक व्हया?"

"नाय." पुन्हा तांबडा.

लवूने हातातला घास खाली ठेवला. "थंय आमी पिठातल्या मिठाएवढे, आये. आमची शाळा कोण चालवतलो? माझा चेडू अर्ध्यावर घराक इला तर तू काय सांगशीत तेका? तुका काय व्हया ता तरी तुका म्हायत आसा?"

"माका तू व्हयो. आणि पल्याड शेवंती व्हयी." शेवंती माझी मुलगी, मारोवात दिलेली. "ह्यो प्रश्न तुझ्या यंत्रात आसा?"

तो उठून हात धुवायला गेला. जाता जाता म्हणाला, "उद्यापासून वर्गाक येत जा. तुझ्यामुळे आमचा एक माणूस कमी पडात."

भिवाची बाजू वेगळी होती आणि ती मला लवूच्या बाजूइतकीच कळत होती. आम्ही मूळचे वरच्यावाडीचे. भिवा तरुण असताना सरकारने ते टोक लष्कराच्या तळासाठी घेतलं. एका आठवड्यात अख्खी वाडी खाली आणली. रवळनाथाची पाषाणी मूर्ती भिवाने आणि बाबांनी खांद्यावरून उतरवली. गुरं वरच राहिली. त्यांचं हंबरणं खाली ऐकू यायचं, मग एक दिवस यायचं थांबलं. भिवाने त्या दिवसापासून सरकारचा पाव खाल्ला नाही. तो गावकर, म्हणजे देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. मामा-भाचे एकाच साकवावरून जात, पण वाट्या आल्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते.

मोजणीचे तीन महिने संपत आले आणि जत्रा जवळ आली. एका दुपारी मी कपडे घेऊन ओहोळावर गेले. तिथल्या खडकाच्या धोंडीजवळ पाणी मोठ्याने पडतं, तिथे वाट्यांना ऐकू येत नाही, म्हणून हल्ली ज्याला काही खरं बोलायचं असे तो तिथे येई. भिवा पाण्यात पाय सोडून बसला होता आणि गाऱ्हाणं पुटपुटत होता. त्याला गाऱ्हाण्याची तालीम करताना मी कधी पाहिलं नव्हतं. पुढे गेले तेव्हा शेवटची ओळ कानावर पडली.

"आणि ह्या बेटाक मारोवाच्या पदरात घाल रे म्हाराजा."

मी बादली खाली ठेवली. ज्यांनी आमचं गाऱ्हाणं ऐकलं नाही त्यांना यातली मेख कळणार नाही. गावकर देवाला एकेक मागणं सांगतो आणि प्रत्येक मागण्यावर जमलेले सगळे एका गळ्याने म्हणतात, 'व्हय म्हाराजा'. मागणं काय आहे, हे कोणी ऐकत नाही. ऐकायची गरजच नसते. गावकर गावाचं वाईट मागणार नाही, हे पणज्यांपासून ठरलेलं आहे. बेटावरचे ख्रिस्ती कोळीसुद्धा जत्रेला येतात आणि आमच्याबरोबर व्हय म्हणतात. देवळाच्या मांडवातही वाट्या होत्या.

"ही कोणी शिकवली तुका?" मी विचारलं.

"पक्षाच्या लोकांनी. पण माका पटली म्हणान घेतली, बाय. मी काय पोपट नाय."

"लोकांका म्हायत आसा, तू काय मागतलंस ता?"

त्याने पाण्यातला एक दगड उचलून पलीकडे टाकला. मग म्हणाला, "त्यांनी वाडी उठवली तेव्हा आमका विचारल्यानी?"

"त्यांनी विचारूक नाय म्हणान तूय विचारूचंस नाय? मगे तू आणि ते सारखेच."

"तुका काय जाता बोलाक. तुझो झिल बंदरात पगार खाता."

"खाता. आणि माझा चेडू मारोवात ऱ्हवता. माका दोन्ही बाजून दुखता, भिवा. तुझा बरा आसा, तुका एकाच बाजून दुखता."

तो ताडकन उठला. मी पाठमोऱ्या माणसाला म्हटलं, "सगळी तोंडा बंद झाली हत बेटावर. एक तुझ्यासमोर लोक अजून तोंड उघडतत. तेवढा ध्यानात ठेव."

तो साकवावरून गेला. एका फळीची कड कुजली होती, ती त्याच्या पायाखाली कुरकुरली.

त्या संध्याकाळी मी नीरजाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाऱ्हाण्यातला व्हय तुमची वाटी धरता?"

"धरते ना. प्रश्न बेटाबद्दलचा असेल तर मोजणीत येतो, आणि प्रत्येकाचं शेवटचं बोलणंच धरलं जातं. गेल्या महिन्यात पालखीला आम्ही चाचणी घेतली होती." ती खुलून सांगू लागली. "इतका स्वच्छ होकार मी प्रयोगशाळेतही ऐकला नाही, आजी. एकाच्याही गळ्यात थरकाप नाही."

"सवयीन म्हणतत गो ते."

"सवय झाली की मन आडवं येत नाही. थरकाप का नाही, हे यंत्राला कळत नाही. नाही, एवढंच कळतं." मग ती थांबली. "तुम्ही हे का विचारताय?"

"असाच."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या खिशात यंत्र होतं, पण तिने ते काढलं नाही. त्याची गरज नव्हती.

मी लवूला सांगितलं असतं तर जत्रेवर बंदी आली असती आणि भिवाला पोलिसांनी नेलं असतं. नाही सांगितलं तर लवू स्वतःच्या तोंडाने, देवासमोर, त्याला नको असलेल्याला व्हय म्हणणार होता. बेट फसवून एका बाजूला गेलं असतं आणि त्यानंतर माझ्या घरात कोणी कोणाला काही मागितलं नसतं, मीठसुद्धा. दोन्हीकडून साकव तुटत होता. मी सांगितलं नाही. जत्रेपर्यंतचे ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. भाकरी थापताना हात थांबायचा आणि भाकरी करपायची.

जत्रेच्या दिवशी मांडव भरून लोक बाहेर उसाच्या वाटेपर्यंत उभे होते. मला जुन्या जत्रा आठवल्या. तेव्हा पिपाण्या, खाज्यांचे ढीग, हरवलेल्या पोरांच्या नावाने मारलेल्या हाका असायच्या. आज चप्पल सरकवलेलीही ऐकू येत होती. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, पण सगळे आले होते. मला वाटतं तीन महिन्यांत एकदा तरी मोकळ्या गळ्याने ओरडायला मिळावं म्हणूनच आले होते.

भिवा नारळ हातात घेऊन उभा राहिला. लवू पुढच्याच रांगेत, मामापासून दोन हातांवर. नीरजा खांबापाशी. बायकांच्या बाजूला मी.

"बा देवा रवळनाथा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." मांडवाचे पत्रे थरथरले. लोकांचे चेहरे सैल झाले.

"आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे येवन उभी ऱ्हवली हत. नारळ ठेवलो हा, तो गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा."

"पोराबाळांका सुखी ठेव. दर्यात गेलेल्याक धडधाकट घराक हाड."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या बेटाक..."

लोकांनी पुढच्या होकारासाठी श्वास भरून घेतला होता. माझ्या शेजारच्या बाईचे ओठ आधीच उघडले होते. लवूचेही. तो मामाकडे बघत होता, लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून गाऱ्हाणं ऐकताना बघायचा तसाच. त्या नजरेत पक्ष नव्हता, यंत्र नव्हतं.

"ह्या बेटाक..." भिवा पुन्हा म्हणाला. त्याची नजर लवूवर गेली. पक्षाचा एक माणूस मागून हळूच म्हणाला, "बोल." भिवाने तोंड उघडलं आणि मिटलं.

गाऱ्हाणं अर्धं राहणं याच्याइतकी भयंकर गोष्ट आमच्याकडे दुसरी नाही. देवाला बोलावून पुढे काही न सांगता उभं ठेवायचं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. म्हातारे जोडलेले हात खाली घेईनात. आणि तेव्हा, बहुधा जन्मात पहिल्यांदा, सगळा मांडव गावकर काय मागतो ते ऐकायला लागला.

बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. पण मी मास्तरीण. वर्गात कोणाला वाक्य अर्धं सोडू द्यायचं नाही, ही सवय. मी पुढे झाले आणि भिवाच्या नारळाखाली माझा हात धरला.

"ह्या बेटाक," मी म्हटलं, "अल्याडय माया आसा आणि पल्याडय माया आसा, म्हाराजा. खंयची तोडूची ता आमका कळना नाय. कळासर आमका सांभाळ. तोपर्यंत मधलो साकव मोडू देव नको."

होकार लगेच आला नाही. मग मागून एका कोळणीचा आवाज आला, फाटका. "व्हय..." मग सावळाराम शिंप्याचा. मग सगळ्यांचा, पण एका गळ्याचा नाही. कोणी आधी, कोणी नंतर, कोणाचा शब्द मध्येच अडलेला, कोणी रडत. मैदानात तीन महिने घोकून गुळगुळीत केलेले गळे एकेक करून फुटत होते. शेवटचा लवूचा आला. त्याने 'व्हय' म्हटलं आणि 'म्हाराजा' त्याला म्हणता आलं नाही.

भिवाने नारळ फोडला.

निकाल नीरजाने माझ्या ओसरीवर आधी मला सांगितला, जे तिने करायला नको होतं. "निम्म्याहून खूप जास्त मनं दुभंगलेली निघाली," ती म्हणाली. "इतका थरकाप कुठल्याही कसोटीत बसत नाही. दोन्ही सरकारं म्हणताहेत यंत्र बिघडलं होतं. मी लिहून दिलंय, तीन महिन्यांत ते फक्त त्याच क्षणी बरोबर चाललं."

"नोकरी जायत तुझी."

"जाईल की राहील, मला दोन्ही वाटतंय," ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो.

तिसरं कलम लागू झालं. कोणी जिंकलं नाही, म्हणून दोन्हीकडचे रागावले. मारोवाने रोजची बोट आठवड्यातून दोनदा केली. शेवंतीला भेटायला आता मला वार बघून निघावं लागतं. लवूची बढती अडली, नातीची शिष्यवृत्ती अजून चालू आहे, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही. पक्षाच्या लोकांनी भिवाला फितूर म्हटलं आणि त्याच्या गोठ्याला काळं फासलं. ते धुऊन काढलं, तरी तो त्या भिंतीकडे पाठ करून बसतो. पाव अजूनही खात नाही.

वाट्या काढून नेल्या त्या दिवशी मी बाजारात गेले. बायका अजून बोटांनीच भाव सांगत होत्या. मग एक कोळीण बांगड्याच्या भावावरून मला म्हणाली, "मास्तरीणबाय, शाळेत शिकवलंस तेवढा पुरे, हय हिशेब शिकवू नको." मी तिला त्याहून वाईट काहीतरी म्हटलं. आम्ही बराच वेळ भांडलो आणि मग कोणी थांबेना.

परवा भिवा साकवावरची कुजलेली फळी काढत होता. लवू बंदरातून घरी येत होता. भिवा मान वर न करता म्हणाला, "लवू, खिळे हाड रे."

लवू थबकला. कित्येक महिन्यांनंतरचा मामाचा पहिला शब्द होता तो.

"खंयचे हाडू, मामा? सरकाराचे की मारोवाचे?"

"जे गंजले नसतीत ते."

लवू शोधायला गेला. त्याला बराच वेळ लागला. तोवर मी कालवणाचं भांडं घेऊन अलीकडेच थांबले, कारण मधली फळी अजून बसायची होती.